गोठ्यातली रम

नगरला गाडी बदलून नेवाशाची म्हणून जी एसटी धरली, तिने मला नेवासा फाट्यावर उतरवून दिलं. फाटा वेगळा आणि गाव वेगळं, हे शहाण्या माणसाने आधी विचारून घ्यायचं असतं. चैत्राचं ऊन डोक्यावर, खांद्याला पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला काचेचा छोटा पेला. दारू चाखून तिची प्रत ठरवणं ही माझी वीस वर्षांची नोकरी. लोकांना हेवा वाटतो. मला त्या दिवशी फाट्यावरूनच परत फिरावंसं वाटत होतं.

चाखायची होती ती माझा मित्र विलास याने आणलेली रम. विलास बोटीवर इंजिनिअर होता. चार वर्षांपूर्वी बार्बाडोस बेटावरून, बारा वर्षं लाकडी पिपात मुरलेली एक बाटली त्याने वडिलांसाठी आणली. त्याच्या पुढच्याच सफरीत बोटीवर तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. आता त्या वडिलांचा, नानांचा, फोन आला होता, "तुमी त्यातले जाणकार. पोरानं काय आनलं हुतं, तेवढं येऊन सांगा."

फाट्यावर रिक्षा मिळाली.

"कुनाकडं जायाचं?" रिक्षावाल्याने विचारलं.

"मळीवाल्या नानांकडे."

"जावा. पर बोलतील का न्हाई, सांगता येत न्हाई. पोरगं गेल्यापून गप्पच असत्यात." दोन्ही बाजूंना ऊस तुटून गेलेली रानं होती आणि त्यात पाचट जाळल्याचे काळे डाग.

नाना साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर होते. (मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरतो तो काळा, दाट पाक. रम त्याचीच होते.) सारा जन्म त्या वासात गेला, पण गळ्यात तुळशीची माळ, दारूला कधी शिवले नाहीत. त्यांनी आधी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, वर कैरीची फोड. भाकरी खरपूस होती.

"चला गोठ्यात," हात धुतल्यावर नाना म्हणाले. "घरात नको."

गोठ्याच्या तापलेल्या पत्र्याखाली, तुळईवर ती बाटली उभी ठेवलेली होती.

"त्याला म्हनलं, ही घान घरात नको. तो म्हनला, नाना, तुमच्या मळीचीच हाय, एक थेंब जिभेवर ठिवा. म्या तोंड फिरवलं. मग त्यानंच तितं वर ठिवली. त्याच्या हातची ठिवलेली, म्या हलवली न्हाई."

मी बाटली खाली काढली. चार उन्हाळे खाल्लेल्या बुचाचा भुगा झाला होता, निम्मी रम उडून गेली होती. पेल्यात ओतली, हुंगली, जिभेवर घेतली. ओल्या पुठ्ठ्याची चव आणि मागून नुसता कडवटपणा. दुसऱ्या कुणाची असती तर एका शब्दात निकाल दिला असता.

"कशी हाय?"

"फार चांगली आहे, नाना."

त्यांनी बाटली नाकाशी नेली. "चाळीस वर्सं मळी हुंगलीय म्या. नासलेलं कळतं मला. उगं गोड बोलू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि घाईघाईत मी बोलून गेलो, "उन्हानं गेली, नाना. थंड जागी ठेवली असती तर..."

"म्हंजी म्याच नासवली."

मी पेल्यातली रम मातीवर ओतली आणि आम्ही दोघे गव्हाणीच्या कडेला बसून राहिलो. गाय दावणीला रवंथ करत होती. बऱ्याच वेळाने, आमच्या धंद्यातल्या सवयीने, मी तो वाळलेला पेला उचलून हुंगला. कधी कधी रम संपल्यावर तळाशी वास मागे राहतो. राहिला होता. अगदी पुसट, पण खरा.

पेला नानांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले.

"ही तर आमची मळी," ते म्हणाले. मग हळूच, "ताजी असताना कशी लागली असती?"

आता मी खोटं बोललो नाही. आधी काकवी लागली असती, म्हटलं, मग पिकलेलं केळं, जळकी साखर, आणि शेवटी जुनं लाकूड. ऐकताना त्या माळकऱ्याने ओठांवरून एकदा जीभ फिरवली. मला त्यांच्याकडे बघवेना.

निघताना मी पेल्यासाठी हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही.

"ऱ्हाऊ द्या. धुनार न्हाई म्या." पेला तसाच हातात धरून ते उंबरा चढले.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली, पण बाहेर बघण्यासारखं काही वाटलं नाही. तो एक थेंब चार वर्षांपूर्वी जिभेवर टेकला असता तर काय बिघडलं असतं, हाच हिशेब नाना तिकडे करत असणार. मीही इकडे तोच करत होतो.

घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "कशी होती रम?"

"नासलेली."

पिशवी रिकामी करताना ती म्हणाली, "आणि तुमचा पेला कुठंय?"

"नानांनी ठेवून घेतला," मी म्हटलं. "घरात."