बोचक्याचं फडकं

बाळंतपणाचा सव्वा महिना संपला आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, मला कुंभार पिंपळगावच्या बाजाराला घेऊन निघाल्या. जुन्या चोळ्या अंगात शिरत नव्हत्या. एखादी शिरली तरी लेकीला पाजताना पुढची गाठ सुटता सुटत नसे. रोजच्या वापराला दोन सैल, मऊ चोळ्या हव्या होत्या. एवढंच काम.

पण माझं काम कधी एवढंच नसतं. वडील ज्वारीच्या पोत्यात लपवून स्वदेशीची पत्रकं आणत, ती वाचत मी मोठी झाले. लग्नाच्या मांडवातच सांगून टाकलं होतं, गिरणीचं कापड अंगाला लावणार नाही. ते मी आजही मागे घेत नाही. मात्र हातसुताची नवी चोळी म्हणजे गोणपाट. लेकीचा गाल घासून लाल होई, ती तोंड काढून रडे. पत्रकं लिहिणाऱ्यांनी कधी कुणाला अंगावर पाजलेलं नसतं, हे तेव्हा कळलं.

आत्याबाई थेट गिरणीच्या मलमलीकडे वळल्या. दुकानदारानं घडी उलगडून माझ्या हातावर टाकली. मी हात मागे घेतला, पण मोठ्या कष्टानं.

"तुझा नेम तू पाळ," आत्याबाई म्हणाल्या. "पोरीनं कुठं नेम केलाय?"

मी तणतणत पुढे गेले, ती एका विणकर मोमीन बाईच्या पालापाशी थांबले. तिच्याकडची खादीही कडकच. एवढ्यात लेक भुकेनं रडायला लागली. बाईनं मला आत बसवलं, आणि आडोशाला म्हणून माल बांधून आणलेलं फडकं माझ्या खांद्यावरून सोडलं. लेक प्याली आणि त्याच फडक्यात गाल खुपसून झोपली. मी ते चाचपलं. धुऊन धुऊन विटलेलं, सायीसारखं मऊ. सूत कुठलं म्हणून विचारलं, तर तिच्या सासूनं कातलेलं, घरच्या मागावर विणलेलं.

मला हेच द्या, मी म्हणाले. बाई हसता हसता पदर तोंडाला लावून बसली.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "चांगल्या घरची सून बाजारातून फडकं नेऊन राह्यली. आता गावात तोंड दाखवायला जागा न्हाई."

सौदा असा ठरला की नवी खादी मी विकत घ्यायची आणि बोचकं बांधायला तिथंच बाईला द्यायची. तिनं ती पसरून वर माल रचला.

"चार बरस के बाद आव, बेटी," ती म्हणाली. "ये बी नरम होयेंगा."

फडक्याच्या दोन ऐसपैस चोळ्या झाल्या, उरल्या तुकड्याचं लेकीला झबलं. गाल आठ दिवसांत निवळले.

पुढच्या बाजाराला आत्याबाई एकट्याच गेल्या आणि त्याच पालातून खादीचा तुकडा घेऊन आल्या. रोज सकाळी तो दगडावर आपटून धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्या बाळंतपणाला लागंल."

दुसरं अजून कुठं ठरलंय, मी म्हणाले. त्या आपटतच राहिल्या.