मैंदर्गीची दुसरी फेरी

निवृत्त बाईला काही काम नसतं, असा नातेवाइकांचा ठाम समज असतो. माझी भाची संगीता मैंदर्गीच्या बाजूला सरकारी नर्स आहे. तिचा फोन आला. शेजारच्या वस्तीवर गोवर आलाय, आणि मेंढपाळांच्या वस्तीवरचं एक घर दहा महिन्यांच्या पोरीला लस टोचू देत नाही. त्यांचं बघून बाकीचेही अडून बसलेत. "मावशी, तू जन्मभर जीवशास्त्र शिकवलंस. तू समजाव." मी पुण्याहून निघाले.

सोलापुरात सात रस्त्याजवळ उतरा, पण खोली मागच्या बाजूची मागा. पुढच्या खोलीत झोपायला हॉर्नची आवड लागते. सकाळी एका संस्थेची जनजागृतीची जीप आली. कुंभारी मागं पडेपर्यंत आतल्या दोन तरुणांचं स्वतःचेच फोटो काढणं चालू होतं. अक्कलकोटला संगीता जीपमध्ये चढली. तिथं कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही खाऊन घ्या. स्वस्त आहे, पोटभर आहे, आणि पुढं काही मिळेल या भरवशावर राहू नका. मैंदर्गीच्या पुढचा वस्तीचा रस्ता जीपला झेपतो, कमरेला नाही.

पोचताच भोंगा सुरू झाला, 'आपल्या बालकाच्या प्रतिकारशक्तीचे संवर्धन करा.' अर्धी वस्ती घरात कन्नड बोलणारी. मेंढ्यांनी तेवढ्या माना वर केल्या.

ज्या घराचा नकार होता तिथं गंगव्वा नातीला, भागूला, कडेवर घेऊन दारात उभी होती. बसा म्हणाली नाही. तिचा मुलगा मल्लू यानं मोबाईल पुढं केला. त्यात पांढऱ्या कोटातला एक जण सांगत होता की या सुईनं मुलींना पुढं मूल होत नाही. हा कोण, असं मी विचारलं.

"डाक्टरच असंल की. कोट हाय."

कोट आमच्या प्रयोगशाळेतला शिपाईही घालायचा, असं मी ऐकवलं. मग पुण्यातून घोकून आणलेला प्रश्न काढला. मेंढ्यांना टोचता ना? व्हय, दरसाली, पावसाच्या आदी, मल्लू म्हणाला. "मेंढीला लस चालते, आणि पोटच्या पोरीला नाही?" मी अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं.

उत्तर गंगव्वानं दिलं, तेही सावकाश. "मेंढराचा डाक्टर आदीच सांगतो, दोन दिस सुस्त ऱ्हातील, लई पळवू नगा. दुसऱ्या दिशी येऊन बघून जातो. हिला मागं सुई दिली तर मांडी सुजली, अंग तापलं. आमी भ्यालो. ह्या बाई काय आल्या न्हाईत. मोबाईलातला ह्यो मागनं आला."

मी संगीताकडं पाहिलं. गावं किती, बैठका किती, हे तिला सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. चुकलं माझं, म्हणाली. मग नीट समजावलं की या सुईचा ताप लगेच येत नाही, आठेक दिवसांनी येऊ शकतो, थोडं पुरळही दिसेल, आणि कशाची काळजी करायची, कशाची नाही. स्वतःचा नंबर दिला.

"आदी उद्या येऊन दावा," गंगव्वा म्हणाली. "मग टोचा."

जीपवाल्यांनी कळवलं की एका वस्तीला एकच दिवस असतो. फलकासमोर आमचा फोटो काढून ते गेले. गोवर बहुधा त्यांच्या वेळापत्रकानं चालत असावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही अक्कलकोटहून एसटीनं मैंदर्गी गाठली, पुढं रिक्षा, आणि लसीचा डबा संगीताच्या मांडीवर. रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा, येतानाचंही. गंगव्वानं लांबूनच पाहिलं. "बर्री," म्हणाली, म्हणजे या, आणि घोंगडी अंथरली. भागूनं सुई घेतली आणि वस्ती डोक्यावर घेतली. गंगव्वानं शेजारणींना कन्नडमधून काहीतरी दरडावलं. तिघी पोरं घेऊन आल्या.

पुण्याला परतून मी सामान आवरलं. लस शरीरात काय करते ते मी तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं. टोचल्यावर घरात काय होतं ते एकाही वर्गाला सांगितलं नाही, आणि त्या बाईला मेंढीवरून टोमणा मारायला निघाले होते.

नवव्या दिवशी संगीताचा फोन आला. ती वस्तीवरच निघाली होती. गंगव्वानं आपण होऊन तिला फोन केला होता, आवाजात भीती नव्हती, असं संगीता म्हणाली. एवढंच कळवलं होतं, "बाई, तुमी सांगितलेला ताप आलाय."