मार्थामावशीचे तळहात

लातूरहून निघालेल्या बसनं मला सकाळी काळेवाडी फाट्यावर सोडलं. रिक्षावाल्याला पत्ता सांगू लागले, तर तो म्हणाला, "हातातून रक्त येणाऱ्या मावशींकडं ना? बसा ताई, सकाळपासनं तिसरी खेप आहे."

माझी डी.एड.ची मैत्रीण फिलोमिना हिनं मला त्यासाठीच बोलावलं होतं. तिच्या मार्थामावशीच्या दोन्ही तळहातांवर, अगदी मधोमध, जखमा उमटल्या होत्या. त्याही ऐन उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत). ख्रिस्ती लोक याला स्टिग्माटा म्हणतात. येशूला क्रुसावर झालेल्या जखमा एखाद्या भक्ताच्या अंगावर आपोआप उमटतात, अशी ही श्रद्धा. मी पंधरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे, पण हे बघायला मिळणार म्हणून रात्रभर बसमध्ये डोळा लागला नव्हता.

मावशींच्या दोन खोल्यांच्या घरात पंधरा-वीस माणसं गुडघे टेकून बसली होती. मधे खुर्चीवर मार्थामावशी. वय पंचावन्न, चाकणच्या कारखान्यात कामाला, आणि चेहरा दाढ काढायला आल्यासारखा. शेजारच्या एलिझाआजींनी त्यांचा तळहात ओठांना लावला.

"आजी, मुका नको, झोंबतंय!" मावशी कळवळल्या.

दुपारी फिलोमिनानं भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पेज) वाढलं. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं. जेवता जेवता फादर आले. जखमा पाहून म्हणाले, "चर्चला कसलीच घाई नसते. तुम्ही मात्र घाई करा. उद्याच त्वचेच्या डॉक्टरकडं जा."

फादर गेल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "खरं निघालं तर मला कामावर कोण ठेवंल? आन् खोटं निघालं तर लोक म्हणतील, बाईनं ढोंग केलं. मी तर तोंडातनं शबुद काढला न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रिक्षानं चाकणला, कारखान्यांतल्या कामगारांच्या दवाखान्यात निघालो. रस्ता कसला, ट्रकांचं संमेलनच. नव्याकोऱ्या गाड्या लादलेला एक लांबलचक ट्रेलर तासभर आमच्यापुढून हलला नाही. शेवटी उतरून वडापाव घेतला. मावशींना धरता येईना म्हणून मी भरवू लागले आणि लसणाची चटणी त्यांच्या पदरावर सांडली. "असू द्या," त्या म्हणाल्या, "लोकांना ह्यातबी रगत दिसंल." आम्ही तिघी रस्त्यावर पोट धरून हसलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"प्रेसवर हाय."

"करून दाखवा बरं."

मावशींनी दोन्ही हात पुढं पसरले आणि तळव्यांनी हवेत दाबलं. एकदा, दोनदा, दहादा. त्यांच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पत्रा दाबणारी प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायची भीती नको. मावशींच्या मशीनवरच्या बटणांच्या टोप्या फुटून कडा वर आल्या होत्या. अख्खी शिफ्ट तळवे त्यांवरच आपटत होते.

"या महिन्यात असे दोघं आले," फिलोमिनानं घरच्या गर्दीचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक बीडचा, एक बिहारचा. त्यांच्या पाया कुणी पडलं नाही."

मलम, पट्टी, पंधरा दिवस विश्रांती, आणि टोप्या बदलण्याबद्दल कंपनीला एक खरमरीत चिठ्ठी. मी खुशीत होते. परतताना मावशी मात्र पट्ट्यांकडंच बघत होत्या.

"सुटलात की," मी म्हणाले.

"व्हय, सुटले. पण ताई, चार दिवस वाटलं, प्रभूनं एवढ्या माणसांत माझीच आठवण काढली."

फिलोमिनानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी पुन्हा माणसं जमली होती, मेणबत्त्या पेटल्या होत्या. मावशी दारातच उभ्या राहिल्या. "हे प्रभूचं न्हाई. मशीनचं हाय," त्या म्हणाल्या, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुणीतरी मागं हसलं. दोघं-तिघं चपला घालून निघूनही गेले.

एलिझाआजी उठल्या. "दुखतंय तर खरंच ना?" असं म्हणून त्या थेट मोरीत गेल्या आणि मावशींची भांडी घासायला बसल्या.

लातूरला पोचले, तर शेजारणी वाटच बघत होत्या. "खरं होतं का हो?" मी म्हणाले, जखमा खऱ्या होत्या. मग त्यांना सांगितलं, की वीस माणसं समोर गुडघे टेकून असताना एका बाईनं दारात उभं राहून "हे प्रभूचं न्हाई" म्हणत तो मान परत केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत, चुकून पदरात पडलेलं साधं कौतुकसुद्धा मी कधी परत केलेलं मला आठवत नाही.