आईच्या डोळ्यांना बाबांची उत्तरं

आमच्या घरात बायकांचं दुखणं पुरुषांना विचारायची रीत आहे. आईचा दात ठणकला की डॉक्टर बाबांना विचारतात, कधीपासून दुखतो, आणि बाबा सांगतात. चुकीचं सांगतात, पण ठसक्यात सांगतात. त्यामुळे आईला आजवर पुष्कळ औषधं मिळाली आणि त्यातली थोडी तिच्या दुखण्याचीही होती.

गेल्या वर्षी आईला लांबचं दिसेनासं झालं. हे उघडकीला आलं ते मामामुळे. मामा, म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ, वसमतपलीकडे हट्टा गावी अंथरुणाला खिळला होता आणि आईला त्याला भेटायचं होतं. बाबा म्हणत, "हळद निघू दे, मंग नेतो." हळद निघाली. मग ती शिजवायची होती, मग वाळवायची होती. शेवटी आई एकटीच निघाली. नरसीहून हिंगोलीपर्यंत आली आणि स्टँडवर वसमतची समजून सेनगावच्या बसमध्ये जाऊन बसली. कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा बस शहराबाहेर पडलेली. सेनगावची बस आमच्या नरसीवरूनच जाते. माहेरी निघालेली बाई पिशवीतल्या शेंगदाण्याच्या लाडवांसकट परत सासरच्या फाट्यावर उतरली.

बाबांना तर घबाडच मिळालं. पारावर, दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं ते ही गोष्ट सांगू लागले. आई पाणी घेऊन बाहेर आली तरी थांबत नसत. मला त्यांचा इतका संताप यायचा की मी फोनवरसुद्धा त्यांच्याशी नीट बोलत नव्हते. मामाची तब्येत उतरतच होती आणि इकडे त्याच्या बहिणीची फजिती सांगून लोकांना चहा पाजला जात होता.

मी सासरी हिंगोलीतच राहते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच नंबर लावला. आई एकटी येईल अशी माझी आपली भाबडी आशा. बाबा आले, भाऊ आला, वहिनी आली. एवढी माणसं आम्ही मुलगी बघायला नेतो.

तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत आईच्या डाव्या हाताला एक स्टूल होतं. बाबा त्याच्यावर बसले. नंबर काढणाऱ्या माणसाने आईच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवली, समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला आणि त्याने विचारलं, "मावशी, तिसरी ओळ वाचा."

बाबांनी वाचली.

"बाबा, तिला वाचू द्या," मी म्हणाले.

"काहून? माझ्याच घरात राहून राहिली ती. मला माहीत न्हाई काय, तिला काय दिसतं ते?"

चष्मा बाबांना नव्हता. आपली नजर घारीची आहे हे ते उठताबसता ऐकवत, आणि त्या नजरेने त्यांनी तिसऱ्या ओळीतली निम्मी अक्षरं चुकवली. नंबर काढणाऱ्याने मुकाट्याने भिंग बदललं. "आता कसं? आधीचं बरं का हे?" "आधीचं बराबर हाय," बाबा म्हणाले. भिंग आईच्या डोळ्यावर, पसंती बाबांची. बाहेर रांग मोठी होती आणि बाबांची उत्तरं झटपट येत होती, त्यामुळे थोड्या वेळाने तो माणूसही त्यांनाच विचारू लागला. आई मांडीवर हात ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखी समोर बघत राहिली.

फ्रेमची निवड बाहेरच्या दुकानात झाली. आईने एक लाल फ्रेम उचलली होती. वहिनी म्हणाली, रंग फार भडक वाटतो. भाऊ म्हणाला, नाजूक आहे, तुटेल. बाबा म्हणाले, "वय पाहा जरा." मग तिघांनी मिळून तिला एक जाड, तपकिरी फ्रेम पसंत केली. ती घातल्यावर आई एखाद्या शाळेची तपासणी करायला आल्यासारखी दिसत होती. दुकानदाराने तिला लांबच्या आरशात बघायला सांगितलं. आरशातलं दिसलं असतं तर बिचारी इथं कशाला आली असती?

चष्मा आला आणि आई उंबऱ्यावर नसलेली पायरी चढू लागली. दूध पातेल्याच्या बाजूला ओतू लागली. डोकं धरून बसली की सगळं घर एकच सांगे, सवय होईल. बाबा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "नंबर लई बराबर निघाला." आईच्या नाकावर बाबांची नजर बसली होती आणि मामाकडे जाणं तसंच राहिलं होतं.

एकदा बाबा हळद घेऊन वसमतच्या बाजारात गेले. त्या दिवशी मी नरसीला जाऊन आईला उचलून आणलं. तोच दवाखाना, तीच खोली.

"मावशी, तिसरी ओळ?"

आईने हळूच डावीकडे स्टुलाकडे बघितलं. स्टूल रिकामं होतं. त्या क्षणी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी बोलले असते तर स्टुलावर बाबांच्या जागी मी बसले असते, एवढाच फरक. म्हणून दाताखाली जीभ धरून उभी राहिले.

"न्हाई दिसत," आई म्हणाली.

आणि मग ती थांबेचना. हे बी न्हाई. ते बी न्हाई. मागचं बरं होतं, ते पुन्हा लावा. घाई करू नका. बाहेरची रांग कुरकुरायला लागली, नंबर काढणाऱ्याला घाम फुटला, पण आईने एकेक अक्षर पारखून घेतलं. बाहेर आल्यावर ती सरळ लाल फ्रेमकडे गेली. मला विचारलंसुद्धा नाही.

तो चष्मा घालून ती घरी गेली तेव्हा बाबांनी बराच वेळ बघून विचारलं, "ही कोणी पसंत केली?"

"मी," आई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

त्याच आठवड्यात ती हट्ट्याला निघाली. बायकोला एकटी सोडली तर लोक काय म्हणतील, म्हणून बाबा हिंगोलीच्या स्टँडपर्यंत आले. मीही नरसीपासून सोबत होते. वाटेत त्यांनी तीच जुनी गोष्ट शेजारच्या प्रवाशाला एकदा सांगून घेतली. स्टँडवर पोचताच आईची पिशवी उचलून ते समोरच्या बसकडे भराभरा निघाले. दारात पाय ठेवून त्यांनी हाक मारली, "चल, चढ. हीच वसमतची."

आई जागची हलली नाही. तिने लाल चष्मा नाकावर नीट बसवला आणि पाटी वाचली.

"ती सेनगावची हाय," आई म्हणाली. "घरी जाते. तुमी बसा तिच्यात."

तिने त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि पलीकडच्या बसकडे चालू लागली.