विश्वासाचं समर्थन आणि इब्राहिमचाचांचा बोकड

आमच्या नगरच्या चर्चमधल्या कुणालाही हा किस्सा मी अजून सांगितलेला नाही. तुम्हाला सांगतो, कारण चहा तुम्ही पाजताय, आणि तुमच्यासमोर माझी अब्रू अशीही फारशी शिल्लक नाही!

मी मूळचा नगरचा, पण पोलादपूरच्या हायस्कुलात सतरा वर्षं मास्तरकी केली. काय दिवस होते! अजूनही उन्हाळा लागला की जीव तिकडे ओढ घेतो. आमच्या आळीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. त्यामुळे जगातल्या तमाम ख्रिस्ती लोकांचा पोलादपूर शाखाप्रमुख मीच. रोममध्ये पोप काही बोलले की लोक मला जाब विचारायचे. अहो, आम्ही पोपच्या मंडळीतले, म्हणजे पंथातले, नाहीच! पण ऐकतो कोण?

शेवटच्या वर्षी मला एक खूळ लागलं. मोबाईलवर एक अभ्यासक्रम केला, ‘विश्वासाचं समर्थन’. कुणी आपल्या श्रद्धेवर शंका घेतली तर शांतपणे, मुद्देसूद उत्तर कसं द्यायचं, याचं शिक्षण. सहा महिने घासलो. प्रमाणपत्र आलं, ते महाडला जाऊन लॅमिनेट करून आणलं. आणि मग शत्रूची वाट बघत बसलो.

पण शत्रू येईचना हो! माझ्या श्रद्धेवर हल्ला करायला पोलादपुरात कुणाला सवडच नव्हती. ‘सर, यंदा केक कधी?’ हा गावाचा एकमेव धार्मिक प्रश्न. त्याचं काय खंडन करणार, कपाळ?

अशात मार्च महिन्यात इब्राहिमचाचांचा फोन आला. चाचा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले ट्रकवाले, कुवेतला चौदा वर्षं काढून आलेले, अतिशय गोड माणूस.

“सर, रविवारी दुपारी या घरी. तुमच्या धर्मातलं जरा विचारायचं हाय.”

मी फोन ठेवला आणि अक्षरशः टाळी वाजवली. आला एकदाचा! त्रैक्य, क्रूस, शास्त्राची प्रमाणं, सगळ्याची उजळणी केली. सदतीस संभाव्य प्रश्न वहीत लिहून काढले. माझी बायको सुशीला नुसती बघत होती. म्हणाली, “आधी त्यांचा प्रश्न तर ऐकून घ्या.”

आता हे तिला कुणी शिकवलं? तिनं तर अभ्यासक्रमही केला नव्हता!

रविवारी गेलो. चाचांनी लोड सरकवला, चाचींनी सरबत दिलं. चाचांनी सुरुवात केली, “सर, तुमच्यात ते…”

“कळलं मला चाचा, कळलं!” मी म्हणालो, आणि सुटलो.

सव्वा तास बोललो. मध्ये दोनदा चहा आला. चाचा मान हलवत होते, म्हणजे मुद्दे पटताहेत, असं मी धरून चाललो. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा ते अदबीनं म्हणाले, “लय अभ्यास हाय सर तुमचा. आता माझं विचारू?”

“विचारा ना!”

“आमचा मॅथ्यू येतोय मंगळवारी. केरळचा. चौदा वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही. रमजानात माझ्यासाठी पहाटे उठून सेहरीचं रांधायचा तो, एक दिवस चुकला नाय. मुंबईवरनं गोव्याला चाललाय, कशेडी घाट चढायच्या आधी हितं जेवणार. आता तुमचे उपास चालू हायत म्हणतात. तर त्याला काय चालतं न् काय नाय…”

खरं तर इथे मी एक साधं वाक्य बोलायला हवं होतं: ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो.’ पण माझ्या वहीतला एकोणिसावा प्रश्न नेमका हाच होता, धर्म म्हणजे नियमांचं जोखड आहे का!

“चाचा, हा फार मोठा गैरसमज आहे! ख्रिस्ती माणसाला खाण्यापिण्याचं कसलंही बंधन नाही. सहा पुरावे देतो.”

दिले. सहाच्या सहा.

चाची हळूच म्हणाल्या, “पण त्यालाच फोन करून इचारलं तर?”

“पावण्याला कोणी जेवणाचं इचारतं का गो?” चाचा म्हणाले. “तो म्हणेल चहा चालेल, न् निघून जाईल. म्हणून तर सरांना बोलवलं. सर, नक्की ना?”

“लिहून देतो!”

“मग बोकड!” चाचा खूश झाले. मीही. प्रश्न शंभर टक्के निकालात!

मंगळवारी मलाही आमंत्रण होतं. मॅथ्यू आला, दारातच दोघं गळ्यात पडले, आणि दोन टक्कल पडलेली माणसं ओक्साबोक्शी रडली. मग ताटं आली. बिर्याणी, तळलेली मासळी, अंडी, वर दुधाची खीर.

मॅथ्यू ताटाकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “भाई, मेरा पचास दिन का रोज़ा चल रहा है। गोश्त, मछली, अंडा, दूध, सब बंद।”

खोलीतली प्रत्येक मान माझ्याकडे वळली.

“म्हणजे, मंडळी-मंडळीत फरक असतो…” मी पुटपुटलो. सहा पुराव्यांपैकी एकही मदतीला धावला नाही. चाचांचा चेहरा असा उतरला की मला आजही तो आठवला की लाज वाटते. मॅथ्यूलाही ते दिसलं असणार. “कोई बात नहीं भाई,” म्हणत त्यानं बिर्याणीत हात घातला.

चाचांनी त्याचं मनगट धरलं.

“नाय! चौदा वर्षं माझा रोजा तू सांभाळलास. तुझा माझ्या घरात मोडायचा?”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहा महिन्यांच्या अभ्यासात असं समर्थन मी ऐकलं नव्हतं.

चाची आत गेल्या आणि पाच मिनिटांत वालाची उसळ, तांदळाची भाकरी आणि नारळाची चटणी घेऊन बाहेर आल्या. सगळं तयार! त्यांनी रविवारीच शांतपणे सुशीलाला फोन केला होता, आणि सुशीलानं आमच्या नगरच्या घराशेजारच्या एका केरळी बाईंना.

मग मॅथ्यू एकटा कसा जेवेल, म्हणून चाचांनीही आपलं ताट सरकवलं आणि उसळ घेतली. चाचींनीही. मीही माझ्या ताटाला हात लावला, तेवढ्यात चाचांनी अडवलं.

“नाय नाय सर, तुम्ही बिर्याणी खा. तुमच्यात बंधन नाय.”

एका मुसलमान घरात सगळे जण एका ख्रिस्ती माणसाचा उपास पाळत होते, आणि त्या घरात बोकड खाणारा एकटा मी, विश्वासाचा प्रमाणित समर्थक!

बरं, खोटं कशाला बोलू? बिर्याणी अप्रतिम होती. दोनदा मागून घेतली.