डोई मोजून

परवा मावसबहिणीकडे, शेवंताकडे, निघाले होते. तिची वाडी ओढ्यापलीकडे. काठावर पोचले तर तिची पोटुशी सून नवऱ्याच्या खांद्याला धरून गुडघाभर पाण्यातून अलीकडे येत होती. दवाखाना अलीकडे आहे. मागून शेवंता, सुनेच्या चपला हातात घेऊन.

गावचे सरपंच वाटेत भेटले होते, ते माझ्या सोबतच होते. मी सरळ विचारलं, "इथे साकव का नाही?"

"मॅडम, सरकारचा निधी येतो डोई मोजून. वाडीत घरं किती, आठ-दहा. त्यात पूल कसा बसवायचा?"

"मग ओढ्याला सांगा की, सरपंच," शेवंता पाण्यातूनच म्हणाली. "माणसं थोडी आहेत, जरा अरुंद वाहा म्हणावं!"

सरपंच हसले. मला हसू आलं नाही. दाट वस्तीत हातभर पाइप टाकला की चाळभर नळ वाहतात. इथे एका घरासाठी पाइपाला डोंगर उतरावा लागतो. तरी वाटा माणशी सारखा, आणि त्याला आपण न्याय म्हणतो. माझ्या शहरात त्याच न्यायाने दरवर्षी धडधाकट फरशा उखडून नव्या बसवतात. आम्ही पुष्कळ आहोत, एवढंच आमचं कर्तृत्व.

निघताना शेवंता हळूच म्हणाली, "ताई, तुझ्या तिकडे ह्या दोघांना एखादी खोली बघ. बाळंतपणानंतरही तिकडेच राहू देत."

मी हो म्हटलं. खोली मिळेलही. पुढच्या मोजणीत वाडीतली माणसं आणखी कमी भरतील, त्यांचा वाटा आमच्या शहराला मिळेल, आणि इथे पूल न बांधण्याचं कारण अधिकच पक्कं होईल.