मागाच्या जागी मशीन

वडगावच्या शेवंताआक्कांना हळू बोलता येतच नाही. उभा जन्म घरातल्या यंत्रमागाशेजारी गेला. त्या खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू येणार? मागावरून नवरा, परशरामअण्णा, दोन बोटं ओठांना लावायचे. स्वयंपाकघराच्या दारातून आक्का मान हलवायच्या आणि चहा ठेवायच्या.

अण्णा गेले, माग मोडीत गेला. लेक पुण्याला. घर इतकं गप्प झालं की आक्कांची झोपच उडाली. शेवटी शेजारीण म्हणून मीच त्यांना सरकारच्या मोफत शिवणवर्गाला ओढत नेलं. बाकीच्या बायका मशीन मिळणार म्हणून यायच्या. सगळ्यांची मशिनं एकदम सुरू झाली की आक्का मात्र डोळे मिटायच्या. शिकवणाऱ्या बाई ओरडायच्या, "आक्का, झोपताय काय?"

"झोप न्हाय गं, कान लावून बसलेय!" आक्का त्यांच्याहून मोठ्यानं सांगायच्या.

वर्ग संपला. सरकारनं दिलेलं मशीन घरी आलं. आक्कांचं बरं झालं, असं गल्ली म्हणाली. बरं झालं म्हणे!

काल मी गेले, तर मशीन मागाच्याच जागी मांडलेलं. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, आणि आक्का नुसतं पायडल मारत होत्या.

"एकट्याचा आवाज लई बारीक येतोय गं," त्या म्हणाल्या.

मग स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडं बघून त्यांनी दोन बोटं ओठांना लावली. अण्णा असताना त्या दारात त्याच उभ्या असायच्या.